साखरबाईंचा सत्कार

साखरबाईंना विद्यापीठात आणायचं, हे खंडेराव सरांनी विभागाच्या बैठकीत ठरवूनच टाकलं. लोकसाहित्याच्या परिसंवादाची सुरुवात भाषणाने नको, एडवणच्या त्या म्हातारीच्या गाण्याने व्हावी, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सर विजयाकडे वळले.

"तुम्ही त्यांच्या घरी राहिलेल्या आहात. तुम्हीच घेऊन या."

विजया हो म्हणाली. ती एडवणला कधी गेलेलीच नव्हती.

गाणी तिला सुलूकडून मिळाली होती. एम.ए.ला असताना दोघी वसतिगृहात एका खोलीत राहत. सुलू एडवणची, मास्तरांची मुलगी. संध्याकाळी केस विंचरता विंचरता ती लग्नातली गाणी म्हणायची. कुणाची, म्हणून विचारलं तर सांगायची, आमच्या गावच्या साखरबाईची. पुढे वडील गेले, शिक्षण सुटलं आणि तिचं लग्न झालं. नवरा घिवलीचा, तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर नोकरीला. निघताना सुलू म्हणाली होती, संसार मार्गी लागला की मी या गाण्यांवर लिहीन.

विजया तोवर थांबली नाही. गाणी तिला पाठच होती. तिने निबंध लिहिला. साखरबाईंची झोपडी, वलांडीवर वाळणारे बोंबील, चुलीपाशी बसून ऐकलेली गाणी, सगळं मनाने रचून घातलं. सुलूचं नाव कुठेच आलं नाही. निबंध गाजला. त्यातल्या दोन ओळी सर वर्गावर्गात म्हणून दाखवत:

दर्या रं दर्या, तुजं म्हायार कुठं?
नद्या येतात नांदाया, तू जाशील कुठं?

त्याच निबंधाच्या जोरावर विजया विभागात शिकवायला लागली. तेव्हापासून सुलूच्या पत्रांना उत्तर लिहिणं तिला जमलं नाही. आता मात्र जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बोईसरला उतरून विचारत विचारत ती सुलूच्या खोलीवर पोचली. सुलूने दारातच तिचे हात धरले. पत्रांबद्दल काही विचारलं नाही. सासूने सकाळीच घिवलीहून बोय पाठवली होती, ती तळायला घेतली. शेजारच्या लातूरकडच्या बाईंना मासळीचा वास सोसत नाही, म्हणून खिडकी लावून घेतली आणि त्यावरून हसलीही. विजया ताटातला घास नुसता चिवडत राहिली. शेवटी ताट बाजूला सारून तिने सगळं सांगितलं. निबंध, झोपडी, नोकरी, आणि आता ठरलेला सत्कार.

सुलूने कढई चुलीवरून उतरवली.

"सरांना कुठलं गाणं आवडलं?" तिने विचारलं.

"दर्याचं. ते म्हणतात, हे एका माणसाला सुचणं शक्य नाही. पिढ्यांनी घडवलेलं आहे."

सुलूने तोंड चुलीकडे फिरवलं. "पुन्हा सांग," ती म्हणाली.

विजयाने पुन्हा सांगितलं. मैत्रीण रडते आहे असं तिला वाटलं. आपण सरांना खरं काय ते सांगतो, नोकरीही सोडतो, असं ती म्हणाली. तिला तसं करायचंही होतं. पण सुलूने नको म्हटलं. साखरबाई आता एडवणला नसते, लेकीकडे असते, तिला शोधून घेऊन यायचं काम माझं, असं तिने सांगितलं.

"पण मी तिच्याकडे गेलेच नाही, सुलू. तिने तसं सांगितलं तर?"

"नाही सांगणार," सुलू म्हणाली. "मी बोलते तिच्याशी."

परिसंवादाच्या दिवशी सुलू म्हातारीला घेऊन वेळेवर आली. उंच, काळीसावळी बाई, अंबाड्यात अबोलीची वेणी. सभागृहाकडे पाहून जरा बिचकली. पण सुलूने पाठीवर हात ठेवला तशी व्यासपीठावर चढली. सुलू मागच्या रांगेत जाऊन बसली. विजयाने पुढे बोलावलं तरी उठली नाही.

म्हातारी डोळे मिटून गायली. आवाज चिरका होता, तरी एक शब्द चुकला नाही. दर्याचं गाणं संपलं तेव्हा सभागृह उभं राहिलं. सरांनी शाल घातली, नारळ दिला. चार शब्द बोला म्हटल्यावर तिने विजयाकडे बोट केलं. ही पोर माज्या घरी येयाची, ध्यान देऊन ऐकायची, एवढंच म्हणाली. टाळ्या पुन्हा वाजल्या. विजयाला मान वर करवेना. मागच्या रांगेत सुलूही टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रमानंतर सुलू टॅक्सी पाहायला गेली. विभागाच्या खोलीत दोघीच उरल्या. विजयाने दार लोटलं आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. तुमची गाणी मी स्वतः गोळा केली म्हणून मिरवली, तुम्हाला न पाहता तुमच्याबद्दल खोटं लिहिलं, आणि आज तुम्हालाही खोटं बोलायला लावलं. एवढं सांगता सांगता तिला हुंदका आला. मला माफ करा, ती म्हणाली.

म्हातारीने तिला उठवलं.

"माजी कसली माफी, बाय?" ती म्हणाली. "मी सुलूची सासू, घिवलीची जमुना. साखरबाई नावाची कोनी बाई नवतीच. गानी सारी सुलूनंच जुळवलेली. तिनंच बसवून बसवून मला शिकवली. म्हनली, आई, तेवडी गा, नायतर माजे मैतरनीची नोकरी जाईल."