पुसायचं नाही

न्याययंत्र शांतपणे म्हणालं, "गोरक्ष टेकाळे, मारहाणीचा हा तुमचा दुसरा गुन्हा. शिक्षा सात वर्षं. पहिल्या गुन्ह्याची आठवण पुसून घेतलीत, तर तो धरला जाणार नाही. मग एकच वर्ष."

बहुतेक जण पुसूनच घेत. डोक्यावर टोप चढवायचा, डोळे मिटायचे, की पाटी कोरी.

गोरक्षने मागे पाहिलं. बाकावर नागूअण्णा बसले होते. तरुणपणी पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं, तेव्हा गोरक्षच्याच काठीने त्यांचे डोळे गेले होते. तुरुंगातून सुटल्यापासून दर एकादशीला तोच त्यांना हात धरून कीर्तनाला नेई, त्यांच्या कपाळी बुक्का लावी आणि मगच पखवाजाला बसे. परवा देवळाच्या पायरीवर एका दारुड्याने अण्णांना ढकललं आणि गोरक्षचा हात पुन्हा उठला.

"घे पुसून, गाढवा!" अण्णा ओरडले. "मी सांगेन तुला सगळं परत."

"सांगाल हो. पण ती तुम्ही सांगितलेली गोष्ट होईल, माझं पाप नाही." तो यंत्राकडे वळला. "परवा एका फटक्यावर हात थांबला, तो ह्यांचे डोळे आठवले म्हणून. तेच पुसणार आणि मला सुधारला म्हणणार? सातच लिहा!"

अण्णा चाचपडत उठले. "आणि माझी एकादशी रे?"

"कीर्तनाच्या बुवांना घेऊन तुरुंगातच या, अण्णा. पखवाजाला कणीक लावून तयार बसतो."