दारावरचा नंबर

गाडी घेऊन गेलेल्या बायकोचा, सावनीचा फोन दुपारपासून लागत नव्हता. ट्रकच्या धडकेने एक चंदेरी गाडी पुलावरून नदीत गेल्याचं कळलं, तसा उल्हास धावत तिथे पोचला. पुरात गाडी दिसतही नव्हती. पुलावर राहिलं होतं फक्त तिचं निखळलेलं एक दार. आपल्यासारखी गाडी इथे अमेरिकेत, रेडमंडच्या निम्म्या मराठी घरांत आहे, असं तो स्वतःला बजावत होता.

पोलिसाने दाराच्या कडेचं लेबल पुसलं. "चोर गाड्या फोडून सुटे भाग विकतात ना, म्हणून मोठ्या भागांवर गाडीचा नंबर असतो. तुमचा वाचा."

उल्हासने इन्शुरन्स कार्डावरचा नंबर कसाबसा वाचला.

"जुळत नाही. हे तुमच्या गाडीचं नाही, सर."

"देवा, पावलास रे!" उल्हास मटकन खाली बसला, ढसाढसा रडला. मग उठायला म्हणून त्याने त्याच दाराचा आधार घेतला आणि त्याचा हात तिथेच थिजला.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार.

मागच्याच महिन्यात त्यांच्या गाडीचं ते दार चेपलं होतं. सावनी म्हणत होती, नवीन बसवू. त्यानेच हट्टाने भंगार गाड्यांचं जंकयार्ड पालथं घालून, अगदी त्याच रंगाचं जुनं दार शोधून आणलं होतं.