उजव्या हाताची मोजणी

“बावीस,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “अजून तीन कर वं.”

रामकलीने उजव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत नेली. खांद्याच्या जरा वर जाऊन ती थांबली. कपाळावर घाम आला. शकुंतलाबाईंनी तिथे कोळशाने खूण केली. कालच्यापेक्षा जेमतेम बोटभर वर.

मे महिन्यात तिच्या दंडाचं हाड मोडलं. मुलगा धनेंद्र तिला तडक गोंदियाला घेऊन गेला. न्हाणीजवळ पाय घसरला, हे डॉक्टरला त्यानेच सांगितलं. रामकलीची तर वाचाच बसली होती. प्लास्टर निघालं तेव्हा हात पार वाळून गेला होता. डॉक्टरने घरी करायच्या व्यायामाचा कागद दिला. भिंतीवर बोटं चढवायची, पाण्याची बाटली उचलायची, आढ्यावरून टाकलेला दोर ओढायचा.

भाताच्या रोवणीचे दिवस. सगळं गाव बांधीतल्या चिखलात. शेजारच्या शकुंतलाबाई तेवढ्या दुपारी येऊन बसत आणि मोजत. दोघी एकाच साली या गावात सुना म्हणून आल्या होत्या. शेताच्या धुऱ्यावरून पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची, पेंडी भिरकावली तर बांधीच्या मधोमध नेऊन टाकणारा रामकलीचा हात हाच. आता त्याला अर्ध्या लिटरची बाटली जड होत होती.

“बस कर आता. यवढा कायले जीव काढून राहिली?”

“पंधरा ऑगस्टले ग्रामसभा हाय. तवापर्यंत वर गेला पायजे.”

शकुंतलाबाईंना कळलं. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदासाठी धनेंद्र उभा होता, समोर उदाराम. गाव निम्मं इकडे, निम्मं तिकडे. मागे एका सभेत लोकांनी दोन्ही हात वर करून स्वतःला दोनदा मोजून घेतलं होतं. तेव्हापासून या गावात फक्त उजवा हात मोजत.

बाहेर मोटारसायकल थांबली. रामकलीची बोटं भिंतीवरून घसरली.

“माय, कुठवर आला?” धनेंद्र हसत आत आला. “काकी, नीट मोजा बरं. माही खुर्ची हिच्या खांद्यात अडकली हाय.”

“तुह्यासाठीच तर मरून राहिली ते,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्याने खिशातून तेलाची बाटली काढून आईजवळ ठेवली. रामकलीने हात पदराखाली घेतला आणि तो जाईपर्यंत जमिनीकडे पाहत राहिली. नशीबवान आहे बाई, शकुंतलाबाईंना वाटलं. त्यांचा मुलगा पुण्याला गेला, त्याचा फोनसुद्धा दिवाळीला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा बसली. आभाळ भरून आलेलं. सकाळीच खूण कानाच्या वर गेली होती, त्यामुळे शकुंतलाबाई निश्चिंत होत्या.

ग्रामसेवकाने धनेंद्रचं नाव पुकारलं. हात वर झाले. रामकलीचा मांडीवरच.

“वर कर ना वं,” शकुंतलाबाई कुजबुजल्या. ऐन वेळी खांदा आखडला असेल, म्हणून त्यांनी तिच्या कोपराखाली आधार द्यायला हात घातला.

रामकलीने तो हळूच बाजूला सारला.

“एकसष्ट,” ग्रामसेवक म्हणाला. “आता उदाराम.”

रामकलीचा हात उठला. कानाला घासून सरळ वर गेला.

पुढच्या रांगेतल्या बाया मागे वळून पाहू लागल्या. ग्रामसेवक मोजता मोजता तिच्यापाशी थांबला. “आजी, चुकलं का? तुमचा पोरगा पहिला होता.”

“नाही चुकलं, बापू,” रामकली म्हणाली. “हा हात त्यानंच पिरगाळून मोडला. मोज.”