पाचांतल्या तीन

"चिठ्ठी कुठंय, गुरुजी?" येसेनियानं तिसऱ्यांदा विचारलं.

"सुरक्षित आहे," ओविदियो गुरुजी म्हणाले.

"पण कुठं?"

"कुणाला सांगायचं नाही, असं तूच बजावलं होतंस."

येसेनियानं कपाळावर हात मारला. गावच्या समितीच्या खोलीत टेबलावर हार्ड डिस्क पडली होती. तिच्यात सत्तावीस साक्षीदारांच्या जबान्या होत्या. नदीकाठी गावकऱ्यांवर गोळ्या कुणी झाडल्या, ते त्यांनी नावानिशी सांगितलं होतं. ही माणसं कोण हे बाहेर फुटलं असतं, तर एकही वाचला नसता. म्हणून गेल्या वर्षी ग्वाटेमाला शहराहून येऊन येसेनियानंच सगळा मजकूर सांकेतिक करून टाकला होता. किल्लीशिवाय डिस्क उघडली तर नुसती अक्षरांची खिचडी दिसे. त्या किल्लीचे तुकडे करून तिनं समितीच्या पाच जणांना पाच चिठ्ठ्या दिल्या होत्या. कुठल्याही तीन जुळल्या की कुलूप उघडायचं. एखाद्याला धरून नेलं तरी नेणाऱ्याच्या हाती काही लागायला नको.

उद्या सकाळी नऊला जबान्या न्यायाधीशांपुढे गेल्या नाहीत, तर खटला बंद. शहराची शेवटची बस आज दुपारी एकला. अकरा वाजले होते, आणि समोर बसलेल्या पाचांपैकी एकाच्याही जवळ चिठ्ठी नव्हती.

"मला पाच नकोत हो. तीन द्या. तीन!"

"आणतो की. ओरडतेस कशाला?" म्हणत गुरुजी उठले. जरा वेळानं तोमासा उठली. मग उरलेले तिघं, एकेक करून. येसेनिया खिडकीतून बघत राहिली. पाचही जण एकाच बोळात वळले.

ती मागोमाग गेली. बोळ मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं निकोलासा मावशी मक्याचं गरम आटोल विकायची. तिच्या पातेल्यापुढे पाचही जण वाटी हातात घेऊन उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"पाचही?" येसेनियाचा आवाज चिरकला. "पाच ठिकाणी राहाव्यात म्हणून पाच केल्या मी!"

"हिनंही इथंच ठेवलीय, हे मला काय ठाऊक?" गुरुजी पुटपुटले.

"मी तुमच्या आधी ठेवली," तोमासा म्हणाली.

मावशीनं डाव बाजूला ठेवला. वेणीत गुंफलेली लांब लाल पट्टी ती सावकाश सोडू लागली. पट्टीच्या शिवणीतून एकेक चिठ्ठी निघाली. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. मावशीला अक्षरओळख नव्हती.

"आणि शोधायला कुणी आलं असतं तर, मावशी?" येसेनियानं विचारलं.

"आले होते ना. फेब्रुवारीत, दोघं. या पाचांच्याही घरातली जमीन उकरली. गुरुजींच्या तर पोरांच्या वह्यासुद्धा नेल्या." तिनं केस झटकले. "मग इथं येऊन आटोल प्यायले. पैसे न देता गेले, मेले."

तीन चिठ्ठ्या उचलून येसेनिया तरातरा खोलीवर गेली. डिस्क उघडली, जबान्यांची एक प्रत वेगळ्या कुलपात घालून बरोबर घेतली. मग जुन्या चिठ्ठ्या जाळल्या, डिस्कला नवी किल्ली लावून तिचे पाच तुकडे केले आणि मागोमाग आलेल्या पाचांच्या हातांत ठेवले.

"या वेळी आपापली चिठ्ठी आपापल्या घरी. कळलं?"

"कळलं," पाचही जण एकदम म्हणाले.

एक वाजता बस सुटली. बोळाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं ती जरा हळू केली. निकोलासा मावशीचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. त्याच्यापुढे पाच जण रांगेत उभे होते, एकमेकांकडे न बघता. मावशी वेणी सोडत होती.