नम्र नकाराची दहा वाक्यं

दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी फोन वाजला नव्हता. तोपर्यंत तिने तीन वेळा ओटा पुसला होता आणि पुसलेल्या ओट्याला पाच वेळा इंग्रजीत विचारलं होतं, 'गुड मॉर्निंग, मी आपली काय मदत करू?' ओट्याला काही नको होतं.

हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरची जागा होती. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. आता ती फोनवर कशी बोलते एवढंच ऐकायचं राहिलं होतं. "दहा ते अकराच्या मध्ये फोन करते," तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. "तुमच्यामागे अजून एक मुलगी थांबलीय, तेव्हा आजच काय ते ठरवू."

अर्जावर नंबर नवऱ्याचा होता. तिच्याकडे होता तो त्याचाच जुना फोन, काचेला तडा गेलेला, सिमकार्ड नसलेला. वरच्या शेजाऱ्यांचं वायफाय स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जेवढं झिरपायचं तेवढ्यावर तो चालायचा. त्या खिडकीत उभं राहून ती दोन वर्षांत इंग्रजी शिकली. सकाळी बातम्या, दुपारी ब्लॉग. अडलेला शब्द वहीत, वहीतला शब्द तोंडात. वाचलेलं सगळं सासूबाईंना मराठीत सांगायची. त्यामुळे सासूबाईंना साता समुद्रापलीकडच्या पंतप्रधानाची खुर्ची डळमळतेय हे ठाऊक असायचं, शेजारीण गावाला गेल्याचं मात्र आठवड्याने कळायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गेल्या महिन्यात सुपरवायझरच्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्याच इंग्रजी प्रश्नाला त्याची स्वतःचीच लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तेव्हापासून तिने त्याला शिकवायला घेतलं होतं. 'समोरच्याला न दुखावता नाही कसं म्हणावं' असा एक ब्लॉग तिला सापडला होता. त्यातली दहा वाक्यं तिने मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली. गिऱ्हाइकांना नाही म्हणायची वेळ त्याच्यावर रोज यायची, उपयोगी पडतील. नियम सोपा होता: एक वाक्य नीट म्हटलं की एक कप चहा. तो काढा घेतल्यासारखं तोंड करून म्हणायचा आणि सहाव्या वाक्याला हमखास अडखळायचा.

आज त्याची सुट्टी होती. "अकरापर्यंत घरीच थांबाल ना?" तिने सकाळीच विचारलं होतं.

"थांबतो की. तुझ्याशिवाय आहे कोण मला?" तो म्हणाला होता. तिला बरं वाटलं होतं.

दहा पंचवीसला फोन वाजला. तिने पदराला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आली. सासूबाई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याने खिशातून फोन काढला, नंबर बघितला, तिच्याकडे बघितलं आणि तो जिन्यात गेला. दार ओढलं. इथे नीट ऐकू येत नसेल, बोलावतील आता, असं तिला वाटलं.

"गुड मॉर्निंग, मॅडम. यस, धिस इज हर हजबंड."

दाराआडून त्याचा आवाज स्पष्ट येत होता. बोलताना अडखळणं नाही, घसा खाकरणं नाही. मग सहावं वाक्य आलं, सलग, वाहत्या पाण्यासारखं. तिला आनंद झाला. खरंच झाला. महिनाभर घसा कोरडा केला त्याचं चीज झालं, असं क्षणभर वाटलं.

मग त्या वाक्याचा अर्थ पोहोचला. ऑफरबद्दल मनापासून आभार, पण तिला येणं शक्य होणार नाही.

तिने दार ओढलं. कडी बाहेरून होती.

"अहो! अहो, मला द्या फोन!"

बाहेरचा आवाज जरासा चढला, एवढंच. आठवं वाक्य: ही संधी दुसऱ्या कुणाला दिलीत तर आम्हाला आनंदच होईल. नववं: कृपया पुन्हा फोन करण्याची तसदी घेऊ नये. तिने पुन्हा दार ओढलं.

कडी निघाली. तो आत आला, चप्पल कोपऱ्यात सारली.

"नंबर द्या. मी लावते परत."

"काढून टाकला."

"का?"

तो खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि स्वतःच्या मुलाखतीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच मोकळं हसला.

"तुला तर सगळं समजलंच असेल. मी मराठीत सांगत बसत नाही. तीन वाक्यं म्हटली, पण एकच कप टाक. साखर बेताची."

सासूबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली होती. त्या कौतुकाने लेकाकडे बघत होत्या, आणि मग तितक्याच कौतुकाने सुनेकडे.

"बाई बाई, काय फाडफाड बोलला! त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नव्हता म्हणत होता. तुझ्या कष्टाचं सोनं झालं गं." त्यांनी आवाज खाली आणला. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं. तू सांग, कुठे चुकला नाही ना?"

कपाटावरचा कागद तिच्या समोरच होता.

"नाही, आई," ती म्हणाली. "एकही चूक नाही."