वंगाळ नाव

"ह्या खेपेला वंगाळ नाव द्या, पाळकसाहेब," कडूबाई म्हणाली.

कर्जतजवळच्या त्या खेड्यात, मिशनच्या प्रार्थनामंदिरात, रविवारची मंडळी अजून जमायची होती. कडूबाईचा नवरा भीमा बाप्तिस्म्याचं पाणी आणायला विहिरीवर गेला होता. तेवढ्यात ती पोराला पदराखाली धरून आत आली होती.

गोरक्षनाथ पाळक चकितच झाले. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली हिब्रू नावं आणि त्यांचे अर्थ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाप्तिस्मा देताना नावाचा अर्थ खड्या आवाजात सांगायचा आणि आईबापांचे उजळलेले चेहरे बघायचे, यासारखं सुख नाही, असं त्यांना वाटे. आजही त्यांनी एक नाव काढून ठेवलं होतं.

"अलियेजर. म्हणजे देव माझा साहाय्यकर्ता. याहून चांगलं..."

"चांगलंच नगं. थोरला नथनेल. देवानं दिलेला, म्हनलात. देवानं न्हेला. मंग शमुवेल, देवाजवळ मागितल्याला. त्योबी न्हाई ऱ्हायला." ती रडत नव्हती. "माझ्या आधीची समदी भावंडं गेली, तवा आयनं मला कडू म्हनलं. मी जगले. चांगल्या नावावर काळाची नजर जाती, साहेब."

"अगं, ह्या भोळ्या समजुती आपण..." पाळकांना तिची गेलेली पोरं आठवली. लढाईचे दिवस, शवपेटीला फळीसुद्धा मिळेना. दोन्ही पोरं घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या हातांनी मातीआड केली होती.

"शास्त्रात एकबी वंगाळ नाव न्हाई? न्हाईतर सरळ धोंडू म्हना."

"आहे," ते नाइलाजानं म्हणाले. "बेनओनी. माझ्या दुःखाचा मुलगा."

"त्यो जगला का?"

"जगला. पुढं मोठं कुळ झालं त्याचं."

"मंग ह्येच." किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. "कुनी ठिवलं हुतं?"

"त्याच्या आईनं. राहेलनं."

"तिला लई बरं वाटलं आसंल, पोर जगलं म्हून."

बेनओनीला जन्म देतानाच राहेल गेली होती. खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. आयुष्यभर शास्त्र वाचलेला तो माणूस खाली मान घालून नुसता उभा राहिला.

कडूबाईनं त्यांच्या झुकलेल्या मानेकडं पाहिलं आणि तिला काय ते उमगलं. मग तिनं पोराचं टोपडं नीट केलं.

"चालंल," ती म्हणाली.

भीमा भरलेली घागर घेऊन आत आला. कपाळावरचा घाम पुसत त्यानं विचारलं, "ठरलं का नाव?"

"बेनओनी," पाळक म्हणाले.

"झ्याक हाय. अर्थ काय वो साहेब, त्याचा?"

पाळक त्याच्या हातातली घागर घ्यायला पुढं झाले.

"जगंल," कडूबाईच बोलली. "जगंल, आसा हाय."