मारुतीचा मान

वर्ध्याबाहेर झपाट्याने वाढणाऱ्या त्या वस्तीत, रस्त्याला अगदी खेटून मारुतीचे देऊळ होते. देवळापाशी येताच प्रत्येक चालक हॉर्न वाजवून मारुतीला मान देई आणि गाडीचा वेग कमी करी. दृष्टी अधू झालेल्या देवकाबाई तो हॉर्न ऐकूनच रस्ता ओलांडीत.

रस्ता चौपदरी करताना मूर्ती विधिपूर्वक आतल्या मैदानात हलवण्यात आली. त्या काळात देवकाबाई रोहण्याला लेकीकडे होत्या. सहा महिन्यांनी, आज सकाळीच त्या परतल्या. मूर्ती हलवल्याचे त्यांना सांगण्याचे काम घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले होते.

चहा होताच पलीकडच्या शोभाबाईंना भेटायला त्या काठी घेऊन निघाल्या. सून दिपाली स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, रस्ता लय मोठा झाला आता. थांबा, हात धुऊन येतो मी संगं."

"रस्ता मोठा झाला, म्हून मारुती का लहान झाला?" देवकाबाई फाटकाबाहेर पडता पडता हसल्या. "त्याच्यापाशी सारेच हळू होते."



उजवीकडून लांबलचक हॉर्न ऐकू आला. देवकाबाईंनी मारुतीला हात जोडले आणि निर्धास्तपणे रस्त्यात पाऊल टाकले.